बी विकायचे नसते
राजूरच्या डोंगरमुलखातील पोपेरे घराण्याने जपलेल्या भांडवलाची कहाणी

व्यापाराच्या या पानावर आपण नेहमी भाव, माल आणि बाजार यांच्या गोष्टी करतो. आज एका शेतकरी घराण्याची गोष्ट सांगायची आहे. या घराण्याकडे ना पेढी आहे, ना गोदाम, ना पाटी लावलेले दुकान. तरीही व्यापाराचा जो पहिला धडा आपण मोठमोठ्या बाजारपेठांत बसून विसरत चाललो आहोत, तो या घराने डोंगरातल्या तुटपुंज्या जमिनीवर जपून ठेवला. तो धडा म्हणजे असल रक्कम आणि नफा यांतला फरक ओळखणे.

माझ्या लहानपणीचा एक प्रसंग आधी सांगतो. १९८० नंतरची दोन-चार वर्षे असतील. माझे वालिद राजूरच्या आठवडे बाजारात कापडाचे गठ्ठे घेऊन बसत. लुगडी, धोतरे, मांजरपाट, पोरांचे सदरे असा माल असे. सुट्टीच्या दिवसांत मीही सोबत जाई. भाताची सुगी नुकतीच झाली होती. डोंगरातल्या एका पाड्यावरची म्हातारी लुगडे घ्यायला आली. रोख पैसे तिच्याजवळ नव्हते, दोन गाठोडी होती. एक मोठे आणि एक अगदी लहान, फडक्यात घट्ट बांधलेले. तिने मोठे गाठोडे पुढे केले. तिला आवडलेल्या लुगड्याची किंमत त्या भातात बसत नव्हती. वालिद सहज म्हणाले, "ते लहान गाठोडेही दे, म्हणजे हिशेब पुरा होईल." म्हातारीने ते गाठोडे पदराखाली ओढून घेतले आणि म्हणाली, "ते नको भाई. ते बी हाय. बी इकायचं नसतं." शेवटी तिने कमी किमतीचे, जाडेभरडे लुगडे घेतले. गाठोड्याची गाठ काही सोडली नाही.

संध्याकाळी सामान बांधताना वालिद मला म्हणाले, "या बाईला कितीही उधार द्यायला हरकत नाही. हिला असल कशाला म्हणतात ते कळते." त्या वेळी मला त्याचा अर्थ समजला नाही. तो समजायला मला वीस वर्षे लागली आणि बरेच नुकसान सोसावे लागले. ते पुढे सांगेन.

वरचा मुलूख आणि खालचा मुलूख

राजूर हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील बाजाराचे गाव. संगमनेरहून अकोले, तेथून राजूर आणि पुढे रंधा धबधब्यावरून भंडारदरा असा रस्ता जातो. आसपासच्या आदिवासी गावांचा बाजारहाट राजूरला होतो. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही येथेच आहे. मुसळधार पावसात टिकून राहणाऱ्या डांगी जातीच्या गुरांचे येथील प्रदर्शन तर साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. या तालुक्यात महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आहे. घाटमाथ्यावरच्या घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात इतका तेथे पाऊस पडतो, आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेकडची गावे पावसासाठी आभाळाकडे बघत बसतात.

या मुलखात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती मोठी आहे. भात, नागली, वरई, खुरासणी, वाल ही त्यांची पिके. जमीन उताराची, थोडी आणि पावसावर अवलंबून. भात निघाला की शेतीचे काम संपते. पुढच्या पावसाळ्यात घरातले धान्य सरत आले की पूर्वी सावकाराच्या दारात जाण्यावाचून इलाज नसे. खाण्यासाठी धान्य घ्यायचे, पेरण्यासाठी बी घ्यायचे आणि सुगीला दीडपट किंवा दुप्पट मोजून द्यायचे. याला वाढी-दिढी म्हणत. एकदा पेरायचे बीसुद्धा सावकाराकडून आणण्याची वेळ आली की जमीन जाण्यास वेळ लागत नसे.

या अन्यायाचा इतिहास जुना आहे. याच तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रज सरकार आणि सावकार यांच्याविरुद्ध बंड पुकारले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. १९७४-७५ च्या कायद्यांनी आदिवासींची जमीन बिगरआदिवासींच्या नावावर करण्यास आळा घातला आणि गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. आदिवासी भागात व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांनी हा कायदा नीट ध्यानात ठेवावा. उधारीच्या बदल्यात जमिनीवर डोळा ठेवणे हे कायद्याने चूक आहे, आणि अल्लाहच्या दरबारात त्याचा जाब द्यावा लागेल तो वेगळाच.

डोंगरात पडलेल्या पावसाचे पुढे काय झाले तेही पाहू. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण बांधण्याचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. सुमारे ११ टीएमसी पाणी तेथे साठते. हे पाणी कालव्यांनी खालच्या सपाट मुलखात गेले आणि तेथे ऊस उभा राहिला. प्रवरेच्या खोऱ्यातच लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. हे फार मोठे काम होते आणि १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला त्या उसाची मजुरी आली. पावसाळ्यात स्वतःच्या वावरात भात लावायचा आणि बाकीचे महिने कारखान्याच्या उसाच्या कामावर जायचे, असे या भागातील कित्येक कुटुंबांचे आयुष्य झाले.

कोंभाळण्याचे पोपेरे कुटुंब असेच होते. खालच्या मुलखातील पद्मश्रीनंतर सुमारे साठ वर्षांनी याच जिल्ह्यात वरच्या मुलखातल्या या घरी आणखी एक पद्मश्री आली. पहिली ऊस आणि कारखान्यासाठी होती, दुसरी मूठभर बियाण्यासाठी.

तीन एकर आणि एक जिद्द

राहीबाई सोमा पोपेरे यांचा जन्म १९६४ सालचा. गाव अकोले तालुक्यातील कोंभाळणे, समाज महादेव कोळी. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. लहान वयात लग्न झाले. सासरी सात माणसांचे कुटुंब आणि जमीन सुमारे तीन एकर. पावसाळ्यात ती कसायची आणि पाऊस सरला की अकोल्याच्या साखर कारखान्याच्या उसाच्या मजुरीला जायचे, असा घराचा क्रम होता.

राहीबाईंना बियांचे ज्ञान माहेरी वडिलांकडून मिळाले. जुने ते सोने, असे वडील सांगत. कोणत्या कणसाचे बी ठेवायचे, कोणते खायचे, कोणता वाण पाणथळ जागेत चालतो आणि कोणता माळावर, हे त्या वडिलांच्या मागे फिरताना शिकल्या. पण त्यांच्या डोळ्यांदेखत गाव बदलत होता. दुकानात पाकिटातले बी मिळू लागले. पीक जास्त येते म्हणून सर्वांनी ते घेतले. त्यासोबत खताची पोती आली आणि फवारणीचे औषध आले. घराघरांतून जुन्या वाणाची मडकी आणि गाडगी रिकामी होत गेली.

मग घरात नातवाचे आजारपण झाले. विकतच्या बियाण्याचे, औषध फवारलेले अन्न हे या वाढत्या आजारपणाचे कारण असावे, असे राहीबाईंच्या मनाने घेतले. डॉक्टर या कारणाची चिकित्सा वेगळ्या रीतीने करतील, तो विषय आपला नाही. राहीबाईंनी त्यावर काय केले ते महत्त्वाचे आहे. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, मोर्चा काढला नाही. त्या आसपासच्या गावांत, पाड्यापाड्यांवर, म्हाताऱ्या बायांच्या घरी जाऊन जुने बी मागू लागल्या. कोणाकडे मूठभर वाल मिळाला, कोणाकडे घेवड्याच्या चार बिया, कोणाकडे काळभाताच्या लोंब्या. ते आणायचे, आपल्या वावरात लावायचे, वाढवायचे आणि जपायचे, असे काम सुरू झाले. घरच्यांना आणि गावकऱ्यांना सुरुवातीला हे खूळ वाटले. रानात वेड्यासारखे बी गोळा करत फिरणाऱ्या बाईला लोक हसणारच.

या कामाला पुढे बायफ या संस्थेची साथ मिळाली. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या मदतीने राहीबाई भातलागवडीची सुधारित पद्धत शिकल्या आणि त्यांच्या सांगण्यानुसार उत्पन्न सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. म्हणजे जुने बी ठेवले म्हणून जुनी पद्धतही धरून बसल्या असे नाही. बी जुने आणि लागवड नवी, असा त्यांनी मेळ घातला. दोन एकर पडीक जागा त्यांनी कसण्याजोगी केली, शेततळे केले, परसात कोंबड्या पाळल्या. बायफच्या लोकांनी पाहणी केली तेव्हा या कुटुंबाच्या शेतात वर्षभराच्या खाण्याला पुरेल इतके नाना तऱ्हेचे पीक असल्याचे त्यांना आढळले. जे घर मजुरीसाठी बाहेर पडत होते, त्या घराचे ताट आता स्वतःच्या वावरातून भरू लागले होते.

गावात चेमदेवबाबा महिला बचत गट आहे आणि परिसरात कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती आहे. या दोन्हींतून राहीबाईंचे काम घराबाहेर पसरले. आसपासच्या सात गावांतील कुटुंबांना आणि बचत गटांना त्यांनी वालाचे आणि घेवड्याचे बी दिले. कोंभाळण्याच्या घरात बीज बँक उभी राहिली. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले आणि तेच नाव पुढे महाराष्ट्रभर झाले. २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. ८ मार्च २०१९ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीत ती प्रदान झाली.

बी राखायचे म्हणजे काय करायचे

आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की पोत्यातले थोडे धान्य बाजूला काढले की झाले बी. तसे नाही. बियाण्याची निवड पीक शेतात उभे असतानाच होते. शेताच्या कडेची रोपे सोडून मधल्या भागातली, निरोगी, भरदार दाण्याची कणसे हेरायची. ती वेगळी कापायची, वेगळी झोडायची. दुसऱ्या वाणाचा दाणा त्यात मिसळू द्यायचा नाही. चांगले वाळवायचे. मग राख लावून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचे आणि तोंड लिंपून टाकायचे. काही घरांत चुलीच्या वर, धूर लागेल अशा जागी कणसे आणि शेंगा टांगून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. ही सर्व कामे बहुधा घरातली बाई करते. घरात उपास पडला तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही, हा नियम.

पाकिटातल्या संकरित बियाण्याचे गणित वेगळे आहे. दोन निवडक वाणांचा संकर करून ते बी तयार करतात. पहिल्या वर्षी पीक जोमदार आणि एकसारखे येते. पण त्याच पिकाचे दाणे दुसऱ्या वर्षी पेरले तर रोपे एकसारखी येत नाहीत, उत्पन्न घटते. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. मी व्यापारी आहे, म्हणून हे सरळ सांगतो की दरवर्षी गिऱ्हाईक परत यावे असा माल कोणत्याही व्यापाऱ्याला आवडतो. त्यात गैर काही नाही. १९६५-६६ आणि १९७२ च्या दुष्काळांत लोकांनी जे भोगले ते पाहता, जास्त पिकणाऱ्या वाणांनी देशाला धान्य दिले ही गोष्ट नाकारता येणार नाही. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली सुरू केलेल्या महिको कंपनीने आपल्याच मराठवाड्यातून बियाण्याचा मोठा उद्योग उभारला, हेही कौतुकाचे आहे.

प्रश्न एवढाच आहे की पाकीट घेणाऱ्याने घरचे मडके फोडावे काय? राहीबाईंचे उत्तर 'नाही' असे आहे. पाकीट एखाद्या वर्षी मिळाले नाही, महाग झाले, उगवले नाही, तर ज्याचे मडके शाबूत आहे तो पेरणी करील. ज्याने मडके फोडले तो दुकानाच्या दारात उभा राहील, जसे त्याचे आजोबा सावकाराच्या दारात उभे राहत होते.

कापडवाल्यांनी गमावलेले बी

कापडाच्या धंद्यातील लोकांना ही गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी होती. ढाक्याच्या मलमलीचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. मुघल दरबारात तिला मान होता. ती विणणारे कारागीर आपल्याच पेशाचे. ती मलमल ज्या कापसाच्या सुतापासून विणली जाई त्याला फुटी कापूस म्हणत आणि तो मेघना नदीच्या काठी पिकत असे. कंपनी सरकारच्या काळात धंदा बुडाला, विणकर पांगले, मग तो कापूस पेरायचे कोणाला कारण उरले नाही. वाणच नाहीसा झाला. अलीकडच्या वर्षांत बांगलादेशातील लोकांनी मलमल पुन्हा विणायचे ठरवले, तेव्हा विणकर शिकवून तयार करता आले, पण कापसासाठी लंडनच्या संग्रहातील वाळलेले नमुने पाहून नदीकाठी त्याच्याशी जुळणारे झाड हुडकत फिरावे लागले. एका मडक्यात जरी ते बी कोणी राखले असते तर ही वणवण पडली नसती.

आपल्या देशातही स्वातंत्र्याच्या वेळी जवळपास सर्व कापूस देशी वाणांचा होता. तो आखूड धाग्याचा होता, पण कमी पावसात तग धरणारा होता. मिलला लांब धागा हवा होता, म्हणून तो मागे पडला. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत बहुतेक सारे क्षेत्र त्याने व्यापले. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला दीड हजार रुपयांवर किंमत मोजावी लागे. २००६ साली सरकारांनी हस्तक्षेप केल्यावर ती ७५० रुपयांवर आली. ज्या शेतकऱ्याचे घरचे बी संपले होते, त्याला भाव विचारण्यापलीकडे काही करता येत नव्हते.

आणि बियाणे फक्त शेतातच असते असे समजू नका. औरंगाबादचे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे हिमरू विणणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके उरले. जुन्या नक्षीचे कागद, माग बांधण्याची रीत, रंग चढवण्याचे ज्ञान हे त्या घराण्यांचे बियाणे होते. यंत्रमाग आला, तो आणावाच लागला, मालेगावची भाकरी त्यावर चालते. पण यंत्र आणताना घरातला शेवटचा हातमाग मोडून त्याचे लाकूड विकले आणि मुलाला नक्षी वाचायलाही शिकवले नाही, तर मडके फुटलेच म्हणायचे.

माझा स्वतःचा हिशेब

आता माझी चूक सांगतो. २००३ साली आमच्या घरात लग्न होते. लोक काय म्हणतील या धाकाने मी दुकानातली चालती पूंजी काढून मांडवात आणि जेवणावळीत घातली. मनात म्हटले, सीझनमध्ये भरून निघेल. सीझन आला तेव्हा माल भरायला रोख नव्हती. उधारीचा माल चढ्या भावाने घ्यावा लागला. ज्या गिऱ्हाइकांना मी होळीला आणि सुगीला नवे लुगडे दाखवत असे, ती दुसऱ्या दुकानाकडे वळली. दुकान पुन्हा सरळ व्हायला चार वर्षे लागली. एके रात्री खातेवही लिहिताना मला ती राजूरची म्हातारी आठवली. तिने जाडेभरडे लुगडे घेतले होते, पण बी दिले नव्हते. मी घरचे बी खाऊन बसलो होतो.

कुरआनमध्ये हजरत यूसुफ (अलै.) यांचा वृत्तांत आपण सर्वांनी ऐकला आहे. सुकाळाच्या सात वर्षांत खाण्यापुरते थोडे काढून बाकीचे धान्य कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला त्यांनी दिला आणि दुष्काळाच्या सात वर्षांत लोक वाचले. कणसातले धान्य टिकते, ही गोष्ट डोंगरातली आदिवासी बाईही जाणते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झाड लावण्याला आणि पेरणी करण्याला सदक्याचा दर्जा दिला. त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने जे खाल्ले त्याचेही पुण्य लावणाऱ्याला मिळते, असे सांगितले. आपण मस्जिदीत हे ऐकतो आणि बाहेर येऊन विसरतो. कोंभाळण्याच्या निरक्षर बाईने ते आयुष्यभर हाताने करून दाखवले.

बीज बँकेच्या व्यवहारात एक गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटली. शेतकरी तेथून बी नेतो आणि पीक आल्यावर घेतले त्याहून वाढवून परत देतो. कोणी म्हणेल, मग सावकाराच्या वाढी-दिढीत आणि यात फरक काय? याचा शरई निर्णय उलेमांनी द्यावा, तो माझा अधिकार नाही. व्यापारी म्हणून मला फरक दिसतो तो असा. सावकाराकडे गेलेली वाढ सावकाराच्या कोठारात राहत होती आणि शेतकऱ्याची जमीन त्यामागून जात होती. येथे आलेली वाढ त्याच मडक्यांत जाते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गरजू शेतकऱ्याच्या वावरात पेरली जाते. आपल्या मोहल्ल्यांतील बिनव्याजी कर्ज देणाऱ्या पतपेढ्यांनी आणि बैतुलमालच्या कार्यकर्त्यांनी ही कल्पना एकदा जाऊन पाहावी. सुताराला अवजार, शिंप्याला मशीन, विणकराला सूत असा साठा गावागावांत का होऊ नये?

आपल्यासाठी काही गोष्टी

शेतीमालाचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी लक्षात घ्यावे की देशी वाणाच्या भाताला, नागलीला आणि वालाला आता शहरात विचारणारे गिऱ्हाईक आहे. हा माल घेताना काळभाताच्या पोत्यात दुसरा तांदूळ मिसळू नका. एकदा भेसळ निघाली की वाणाचे नाव जाईल, आणि ज्याने ते नाव तीस-तीस वर्षे जपले त्याच्या मेहनतीवर पाणी पडेल. मापात आणि मालात खोट करणाऱ्यांबद्दल कुरआनने काय इशारा दिला आहे ते सांगायला नको.

बियाण्याची दुकाने असणाऱ्यांनी २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा समजून घ्यावा. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त नोंदलेल्या वाणाचे बी ब्रँडचे नाव लावून त्याला विकता येत नाही. २०१९ साली गुजरातमध्ये पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका वाणावरून शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभर ओरड झाली, याच कायद्याचा आधार सांगितला गेला आणि कंपनीने दावे मागे घेतले.

आणि कारागीर बंधूंना एवढेच सांगणे आहे की नवे यंत्र जरूर घ्या, नवा माल जरूर करा. राहीबाईंनीही लागवडीची नवी रीत घेतलीच. पण घरातले जे मूळ आहे, ते एका मडक्यात तरी राखून ठेवा. आजोबांच्या नक्षीचा कागद, वडिलांच्या हाताचे माप, जुन्या गिऱ्हाइकाचा विश्वास आणि गल्ल्यातली चालती पूंजी या गोष्टी अडचणीच्या दिवशीही विकायच्या नसतात.

राजूरच्या बाजारातली ती म्हातारी आता हयात नसेल. अल्लाहने तिच्यासारख्यांच्या गाठोड्यांतून एक दाणा कोंभाळण्याच्या वावरापर्यंत पोहोचवला आणि तेथून तो दिल्लीपर्यंत गेला. आपल्या दुकानाच्या कोपऱ्यात असे एखादे गाठोडे आहे की नाही, हे आज रात्री खातेवही मिटण्यापूर्वी प्रत्येकाने पाहून घ्यावे. असेल तर त्याची गाठ सोडू नये. नसेल तर येत्या सुगीला, इन्शाअल्लाह, बांधायला घ्यावे.